शिवीचे कूळ आणि मूळ : ‘इडियट’

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे आणि आईवडिलांनंतर तो माझ्याजवळच असतो. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासावरील एक जुने पुस्तक अलीकडे वाचत असताना त्यात ‘इडियट’ हा शब्द शिवी म्हणून नव्हे, तर माणसांचा एक रीतसर वर्ग म्हणून वापरलेला आढळला. त्या वर्गाच्या वर्णनात मला माझा भाऊ दिसला आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. दुसरीकडे, जो नागरिक मतदान करीत नाही आणि सार्वजनिक कामात भाग घेत नाही त्याला प्राचीन ग्रीक लोक ‘इडियट’ म्हणत, असे निवडणुकीच्या दिवसांत हमखास सांगितले जाते. यांतले खरे कोणते? हा शब्द आधी शिवी होता आणि नंतर कायद्यात गेला, की उलट झाले?

उत्तर : ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे म्हणतात. शिवीचे मात्र दोन्ही शोधावे, कारण शिवी कोणाच्या नावावरून तयार झाली हे कळले की ती उच्चारताना आपण कोणाला मध्ये ओढतो तेही कळते. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की हा शब्द मुळात शिवी नव्हता. तो प्रथम सामान्य माणसाचे, नंतर निरक्षराचे आणि मग जन्मतः समज नसलेल्याचे नाव झाला. मात्र इंग्रजीत तो आला तेव्हा हे सारे अर्थ त्याच्याबरोबर एकदमच आले, त्यामुळे ‘आधी कायदा की आधी शिवी’ असा सरळ क्रम लावता येत नाही.

ग्रीक भाषेत ‘इदिओस’ म्हणजे स्वतःचे, खासगी. एखाद्या भाषेची खास स्वतःची अशी बोलण्याची रीत म्हणजे ‘इडियम’. तो शब्दही याच घरातला आहे. ‘इदिओस’वरून झालेला ‘इदिओतेस’ म्हणजे खासगी माणूस, ज्याच्याकडे कोणतेही अधिकारपद नाही असा नागरिक. अथेन्समध्ये वर्षभर पद सांभाळून घरी परतलेला मनुष्य पुन्हा ‘इदिओतेस’च होई आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे या शब्दाला आणखी एक अर्थ जोडला गेला, तो म्हणजे एखाद्या विद्येतील जाणकार नव्हे असा माणूस. वैद्यासमोर रोगी ‘इदिओतेस’, सेनापतीसमोर साधा शिपाई ‘इदिओतेस’. ज्याला आपण आज ‘सर्वसामान्य माणूस’ म्हणतो, तोच हा.

मतदान न करणाऱ्याची कथा या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी लागते. तिला आधार म्हणून बहुधा अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या भाषणाकडे बोट दाखवले जाते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनीशियन युद्धाच्या पहिल्या वर्षी, म्हणजे इसवी सनपूर्व ४३१ मध्ये, पडलेल्या अथेनियन सैनिकांच्या अंत्यविधीच्या वेळी त्याने केलेले हे भाषण इतिहासकार थ्युसिडिडीसने आपल्या ग्रंथात दिले आहे. सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला इतर लोक शांत, आपल्यापुरते पाहणारा समजतात, पण आम्ही अथेनियन त्याला निरुपयोगी मानतो, असा आशय त्यात खरोखर आहे. परंतु तेथे वापरलेला मूळ शब्द ‘आख्रेइओस’, म्हणजे निरुपयोगी, असा आहे. ‘इदिओतेस’ तेथे नाहीच. त्याच ग्रंथाच्या त्याच भागात थोडे पुढे अथेन्समधील साथीचे वर्णन येते आणि त्या रोगाच्या उगमाविषयी वैद्याने किंवा सामान्य माणसाने काय वाटेल ते सांगावे, असे थ्युसिडिडीस म्हणतो. ‘इदिओतेस’ हा शब्द या दुसऱ्या ठिकाणी आहे आणि तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे. निवडणुकीच्या दिवसांतली कथा सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. पण ती कथा टिकत नाही, आणि लोकांना मतदानाला नेण्यासाठी एका साध्या शब्दावर आरोप ठेवण्याची गरजही नाही.

शब्दाचा दुसरा मुक्काम धर्मग्रंथांत आहे. बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात, पेत्र आणि योहान हे कोळी धीटपणे बोलताना पाहून अधिकारी चकित होतात, कारण ही माणसे तर निरक्षर आणि ‘इदिओताय’ आहेत. संत पौल स्वतःविषयीही हाच शब्द योजतो: मी वक्तृत्वात ‘इदिओतेस’ असेन, पण ज्ञानात नाही. पुढे लॅटिनमध्ये शब्दाचे ‘इडिओटा’ असे रूप स्थिर झाले आणि त्याचा मुख्य अर्थ ‘लॅटिन न शिकलेला, अक्षरशत्रू’ असा झाला. येथे शब्दाला किंचित उतार लागला हे खरे, कारण ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनीच लेखणी नसलेल्यांना हे नाव दिले होते. तरीही ते नाव अभिमानाने मिरवणारे लोक होते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२६ साली, आयुष्याच्या शेवटी, आपले मृत्युपत्र सांगितले. त्यात सुरुवातीच्या दिवसांची आठवण काढताना तो म्हणतो की आम्ही ‘इडिओटे’ होतो आणि सर्वांच्या अधीन होतो. हे त्याने खेदाने म्हटलेले नाही. विद्येचा आणि अधिकाराचा अहंकार आमच्याजवळ नव्हता, असे त्याला सांगायचे आहे. १४५० मध्ये निकोलस ऑफ कुसा या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने काही संवाद रचले. त्यांतील मुख्य पात्राचे नावच ‘इडिओटा’ आहे. हा माणूस लाकडाचे चमचे कोरून पोट भरतो आणि मोठमोठ्या पंडितांना ज्ञान म्हणजे काय हे समजावतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण शब्दाच्या साऱ्या प्रवासात ‘इडियट’ स्वतः बोलतो आणि शहाणे ऐकतात असे फार थोड्या वेळा घडले आहे.

फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्या शतकाच्या अखेरीस विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबलचे जे इंग्रजी भाषांतर केले त्यात प्रार्थनासभेतील साध्या, अशिक्षित श्रोत्यासाठी ‘इडियट’ हा शब्द आहे. त्याच सुमाराच्या चॉसरच्या काव्यात मात्र बाथची गृहिणी तिजोरीच्या किल्ल्या लपवणाऱ्या नवऱ्याला फटकारते, की घरच्या धनिणीला तू ‘इडियट’ ठरवू पाहतोस काय. येथे शब्दात अपमान आहे, पण तो हवेतला नाही. त्या काळी ‘इडियट’ ठरलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या किल्ल्या खरोखरच दुसऱ्याच्या हाती जात असत, आणि तिच्या रागाला त्याची धार आहे.

आता आपण वाचलेल्या कायद्याकडे येऊ. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या विशेष अधिकारांची जी नोंद झाली, तिच्यात समज नसलेल्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. जन्मापासून समज नसलेला तो ‘नैसर्गिक मूढ’, म्हणजेच ‘इडियट’. आणि ज्याला समज होती पण ती आजाराने किंवा आघाताने गेली तो दुसऱ्या वर्गातला, ज्याला पुढे ‘लुनॅटिक’ म्हणू लागले. हा भेद पैशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. दुसऱ्या वर्गातील माणूस बरा होण्याची शक्यता असल्याने राजाने त्याची मालमत्ता केवळ सांभाळायची असे, तिचा नफा घ्यायचा नसे. ‘इडियट’च्या जमिनीचे उत्पन्न मात्र त्याच्या पोटापाण्याचा खर्च वजा जाता राजाला मिळे आणि त्याच्या मृत्यूनंतरच जमीन वारसांकडे परत जाई. हा अधिकार राजा आपल्या मर्जीतल्या माणसाला देऊ शकत असे. त्यामुळे एखाद्या श्रीमंत घरातील दुर्बळ मुलाचा ताबा मिळावा म्हणून दरबारी लोक राजाकडे अर्ज करीत, आणि एखाद्याला ‘मूढ म्हणून मागून घेणे’ असा वाक्प्रचारच त्यावरून इंग्रजीत रूढ झाला.

माणूस ‘इडियट’ आहे की नाही हे बारा जणांची ज्यूरी ठरवीत असे. सोळाव्या शतकातील फिट्झहर्बर्ट या कायदेपंडिताने दिलेली कसोटी अशी होती, की ज्याला वीस पेनी मोजता येत नाहीत, आपले आईवडील कोण हे सांगता येत नाही आणि आपले वय ठाऊक नाही, तो ‘इडियट’. १७६५ मध्ये ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने इंग्लंडच्या कायद्यांवरील आपल्या भाष्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्याने हीच परंपरा नोंदवली. समजेची पुसटशी झलक जरी दिसली तरी तो माणूस ‘इडियट’ नव्हे, असे त्याने स्पष्ट केले. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि तिने मला दिलासा दिला. ज्यूरी कोणालाही जन्मतः ‘इडियट’ क्वचितच ठरवते, अमुक वेळेपासून समज गेली असाच निर्णय देते आणि त्याचे कायदेशीर परिणाम फार वेगळे असतात, असे तो लिहितो. शेजारच्या घराची जमीन राजाकडे जाऊ नये एवढी माणुसकी त्या बारा सामान्य माणसांत होती, असा याचा अर्थ मी घेतो. कायद्याने आखलेली रेषा त्यांनी आपल्या हाताने थोडी सरकवली.

आपल्या भावाचे वर्णन त्या पानांत दिसले, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात शिवी नव्हती. पण प्रेमही नव्हते. त्याला फक्त जमिनीचे उत्पन्न कोणाकडे जाणार एवढेच ठरवायचे होते.

प्रश्न : ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ आणि ‘मोरॉन’ हे तीन शब्द शब्दकोशात एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात. पूर्वी डॉक्टर त्यांत प्रतवारी करीत असत, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय?

उत्तर : खरे आहे, आणि या प्रतवारीचा इतिहास त्या शब्दांपेक्षा अधिक कडू आहे.

‘इम्बेसाइल’चे मूळ लॅटिन रूप ‘इम्बेसिलुस’ म्हणजे दुबळा. इंग्रजीत तो शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हा शरीराने दुर्बळ असाही त्याचा अर्थ होता; बुद्धीच्या दुर्बलतेपुरता तो एकोणिसाव्या शतकात आक्रसला. याच शतकात फ्रान्समध्ये इतार, एस्किरोल आणि सेगँ यांच्यासारख्या डॉक्टरांनी बौद्धिक अक्षमतेचा अभ्यास सुरू केला. एस्किरोलने ‘इडियट’ आणि भ्रमिष्ट यांतील फरक सांगताना म्हटले होते, की भ्रमिष्ट हा दरिद्री झालेला श्रीमंत असतो, तर ‘इडियट’ नेहमीच दरिद्री असतो. सेगँला हे मान्य नव्हते. अशी मुले शिकू शकतात यावर त्याचा ठाम विश्वास होता, त्याने त्यांना शिकवूनही दाखवले आणि पुढे तो अमेरिकेत गेला. म्हणजे ज्या काळात ‘इडियट’ हा वैद्यकीय शब्द झाला, त्याच काळात त्या नावाच्या मुलांसाठी पहिल्या शाळा निघाल्या. शब्द कानाला कठोर लागतो म्हणून तो वापरणारे सगळेच कठोर होते असे समजणे अन्यायाचे होईल.

इंग्लंडमध्ये १८८६ साली ‘इडियट्स ॲक्ट’ याच नावाचा कायदा झाला. १९१३ च्या ‘मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट’मध्ये चार वर्ग ठरवले गेले. सामान्य शारीरिक धोक्यांपासून स्वतःचा बचाव करू न शकणारे ते ‘इडियट’. आपले व्यवहार सांभाळू न शकणारे ते ‘इम्बेसाइल’. त्यांच्यापेक्षा वरचे पण देखरेखीची गरज असलेले ते ‘फीबल-माइंडेड’, म्हणजे मनोदुर्बल. आणि चौथा वर्ग ‘नैतिक इम्बेसाइल’ असा होता. १९५९ च्या कायद्याने ही शब्दावली तेथून गेली.

‘मोरॉन’ हा या कुटुंबात सर्वांत धाकटा, आणि त्याची जन्मतारीख जवळजवळ हातात आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीची चाचणी तयार केली. ज्या मुलांना शाळेत अधिक मदत लागेल ती ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठरावीक रक्कम आहे असे मानण्याला बिनेचा तीव्र विरोध होता आणि तसे मानणाऱ्यांचा निराशावाद क्रूर आहे असे त्याने १९०९ मध्ये लिहिले. त्याची चाचणी अमेरिकेत नेली ती न्यू जर्सी राज्यातील व्हाइनलँड येथील संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गॉडार्डने, आणि समुद्र ओलांडताना बिनेची ती सावधगिरी मागे राहिली. गॉडार्डला एक अडचण होती. चाचणीत मानसिक वय तीन वर्षांच्या आत असलेला प्रौढ ‘इडियट’ आणि तीन ते सात असलेला ‘इम्बेसाइल’ ठरे. परंतु आठ ते बारा वर्षे मानसिक वय असलेल्या, दिसायला-बोलायला चारचौघांसारख्या असलेल्या वरच्या वर्गाला इंग्रजीत नेमके नाव नव्हते. मंदबुद्धी या अर्थाच्या ‘मोरोस’ या ग्रीक शब्दावरून त्याने १९१० मध्ये ‘मोरॉन’ हा शब्द घडवला आणि अमेरिकेतील या विषयाच्या व्यावसायिक संघटनेने तो स्वीकारला.

शिवी नसलेला, कोणाच्याही तोंडी नसलेला, प्रयोगशाळेत ताजा तयार केलेला हा शब्द होता. शास्त्राला हवी असते तशी ती स्वच्छ संज्ञा होती. ती काही वर्षांतच रस्त्यावरची शिवी झाली. या घटनेवरून मला वाटते की शब्दाचा मळ शब्दात नसतो. त्या शब्दाने ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांच्याविषयीचा तिरस्कार आधीपासून तयार असतो, आणि नवे भांडे मिळताच तो त्यात भरला जातो.

मात्र ‘मोरॉन’च्या बाबतीत संज्ञाही निर्मळ हेतूची नव्हती. गॉडार्डच्या मते खरा धोका ‘इडियट’पासून नव्हता, कारण त्याला विवाह आणि संसार साधणार नव्हता, धोका होता तो समाजात बेमालूम मिसळून जाणाऱ्या ‘मोरॉन’पासून. गुन्हेगारी, दारिद्र्य आणि दुराचार याच वर्गातून वंशपरंपरेने येतात असे त्याने प्रतिपादन केले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत सतरा लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धिचाचणी झाली आणि गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय सुमारे तेरा वर्षे असल्याचा निष्कर्ष निघाला. बारा वर्षांपर्यंतचे सारे ‘मोरॉन’ असे मानले तर निम्म्याच्या जवळपास सैन्य त्या वर्गात बसत होते. इतके विपरीत उत्तर आले तेव्हा मोजपट्टीवर शंका यायला हवी होती. पण पुष्कळांना राष्ट्राची बुद्धी खालावत असल्याची शंका आली.

याचा शेवट कोर्टात झाला. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये, ‘मनोदुर्बल’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. त्याची परीक्षा म्हणून कॅरी बक या तरुणीचा खटला उभा करण्यात आला. तिची आई आधीच ‘मनोदुर्बलां’साठीच्या सरकारी संस्थेत होती. ज्या घरात कॅरीला सांभाळायला ठेवले होते त्या घरच्या एका नातेवाइकाने आपल्यावर बलात्कार केला असे तिने सांगितले होते, आणि त्यातून झालेल्या गर्भारपणानंतर तिलाही त्याच संस्थेत पाठवण्यात आले. तिची मुलगी व्हिव्हियन जेमतेम काही महिन्यांची असताना ती ‘नेहमीसारखी दिसत नाही’ अशी साक्ष एका समाजसेविकेने दिली. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात लिहिले, की ‘इम्बेसाइल’च्या तीन पिढ्या पुरे झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिसरी पिढी म्हणून जिचा उल्लेख झाला ती व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि एकदा गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीतही आली. १९३२ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, आजाराने ती गेली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. गॉडार्डने १९२८ मध्ये आपली मते बरीचशी मागे घेतली. ‘मोरॉन’ना शिकवता येते आणि त्यांना संस्थांत डांबण्याची गरज नसते हे त्याने मान्य केले. व्हर्जिनियाचा कायदा १९७४ पर्यंत रद्द झाला नाही आणि त्या राज्याच्या गव्हर्नरने जाहीर खेद व्यक्त केला तो त्या निकालाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २ मे २००२ रोजी.

तेव्हा शब्दकोश या तीन शब्दांना समानार्थी म्हणतो ते आजच्या वापरापुरते बरोबर आहे. पण एके काळी त्यांच्यातले अंतर वर्षांत मोजले जात होते, आणि कोण कोणत्या शब्दाखाली येतो यावर त्याला मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरत होते.

प्रश्न : ‘क्रेटिन’ ही शिवी ‘ख्रिश्चन’ या शब्दावरून आली असे कुठेतरी वाचले. हे खरे मानावे काय?

उत्तर : मानावे. आल्प्स पर्वतातील फ्रेंच बोलींत ‘क्रेस्तँ’ असा शब्द होता आणि तो ‘ख्रिश्चन’चेच रूप होते. त्या खोऱ्यांतील मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी असल्याने कित्येक मुलांची वाढ गर्भातच खुंटत असे. ती बुटकी, बहुधा मूकबधिर आणि मंद राहत. त्यांना ‘ख्रिश्चन’ म्हणण्यामागे, हीसुद्धा माणसेच आहेत, जनावरे नव्हेत, अशी भावना होती. दिदेरोच्या फ्रेंच विश्वकोशाने १७५४ मध्ये त्यांच्यावर नोंद दिली, डॉक्टरांनी शब्द उचलला, आणि मग त्याचीही शिवी झाली. स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात केल्यावर रोग ओसरला. शिवी मात्र मागे राहिली.

आदराचा किंवा करुणेचा शब्द असा उलटणे संस्कृतातही आढळते. ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची पदवी. पण भट्टोजी दीक्षितांच्या व्याकरणात तो समास ‘मूर्ख’ या अर्थी सांगितलेला आहे. इंग्रजीतील ‘सिली’ हा शब्दही जुन्या इंग्रजीत ‘धन्य, भाग्यवान’ या अर्थाचा होता. धन्य ते निष्पाप, निष्पाप ते भोळे, भोळे ते खुळे, असा तो घसरत गेला.

प्रश्न : प्रत्येक नवा शब्द शेवटी शिवीच होणार असेल, तर शब्द बदलण्याच्या या खटाटोपाचा उपयोग काय? माझ्या मुलीला आधी ‘मतिमंद’ म्हणत, मग ‘गतिमंद’ म्हणू लागले, आता ‘विशेष’ म्हणतात. तिच्याकडे पाहणारे डोळे तेच आहेत.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो, कारण ते खरे आहे.

आपण वर्णिलेला प्रवास इंग्रजीत एका संघटनेच्या नावांतच दिसतो. १८७६ मध्ये अमेरिकेत ‘इडियट’ आणि ‘फीबल-माइंडेड’ व्यक्तींच्या संस्थांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. आधी ज्यांचा उल्लेख आला ते सेगँ तिचे पहिले अध्यक्ष होते. १९०६ मध्ये नावातून ‘इडियट’ गेला आणि केवळ ‘फीबल-माइंडेड’ उरला. १९३३ मध्ये त्याच्या जागी ‘मेंटल डेफिशियन्सी’ आले. १९८७ मध्ये ‘मेंटल रिटार्डेशन’ आले, आणि २००७ मध्ये तेही जाऊन ‘बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता’ अशा अर्थाचे आजचे नाव आले. यातील ‘रिटार्डेशन’चा इतिहास आपल्या अनुभवाशी फार जुळतो. त्याचा मूळ अर्थ ‘मंद गती, उशीर’ एवढाच. ‘मूर्ख’ किंवा ‘दुर्बळ’ म्हणण्यापेक्षा ‘सावकाश’ म्हणावे, या सद्भावनेने तो शब्द निवडला गेला होता, अगदी ‘गतिमंद’सारखाच. शाळेच्या मैदानावर मुलांनी त्याचा ‘रिटार्ड’ एवढाच तुकडा तोडून त्याची शिवी केली. ब्रिटनमध्ये पालकांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी स्थापन केलेल्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’वर हीच वेळ आली. ‘स्पॅस्टिक’ ही स्नायूंच्या ताठरपणाची साधी वैद्यकीय संज्ञा मुलांच्या तोंडी शिवी झाली आणि १९९४ मध्ये संस्थेने ‘स्कोप’ हे नाव घेतले. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने या चक्राला सौम्य शब्दांची ‘ट्रेडमिल’ म्हटले आहे: पाय चालत राहतात, जागा बदलत नाही.

ही उपमा चपखल आहे, पण मला ती पूर्णपणे मान्य नाही. जागा थोडी बदलते. ‘इडियट’ हा कायद्यातला शब्द असताना तो माणसाची जमीन आणि घर ठरवत होता. ओहायो आणि केंटकी या अमेरिकी राज्यांच्या घटनांत ‘इडियट’ला मताचा अधिकार नाही असे म्हणणारी कलमे एकविसाव्या शतकातही उरली होती. कायद्याच्या पुस्तकातून असा शब्द निघतो तेव्हा त्याच्याबरोबर त्यावर उभा असलेला नियमही पुन्हा तपासावा लागतो, आणि हा लाभ लहान नाही. ५ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत ‘रोझाज लॉ’ हा कायदा झाला आणि संघराज्याच्या आरोग्य, शिक्षण व श्रमविषयक कायद्यांतून ‘मेंटल रिटार्डेशन’ हा प्रयोग काढून त्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ आला. डाउन सिंड्रोम असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी तो आग्रह धरला होता. आपली मुलगी शाळेच्या कागदपत्रांत कोणत्या नावाने ओळखली जावी हे ठरवण्यात प्रथमच तिच्या घराचा हात लागला.

माझ्या मते सर्वांत मोठा फरक येथे आहे. ‘इडिओटा’ हे नाव पंडितांनी दिले, ‘इडियट’ हे राजाच्या वकिलांनी, ‘मोरॉन’ हे मानसशास्त्रज्ञांनी. ज्यांना ही नावे चिकटली त्यांना कोणीही विचारले नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बदलू लागले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या काही स्त्री-पुरुषांनी आपली स्वतःची परिषद भरवायचे ठरवले. त्यांतील कित्येकांनी आयुष्याचा मोठा भाग सरकारी संस्थेत काढला होता. परिषदेला नाव काय द्यावे याची चर्चा चालू असताना एकाने सांगितले, की मला माझ्या अक्षमतेच्या नावाने ओळखलेले आवडत नाही, मला आधी माणूस म्हणून ओळखले जावे. त्यांनी नाव ठेवले ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे ‘आधी माणसे’. त्याच नावाच्या संघटना पुढे अनेक देशांत निघाल्या.

आपल्या मुलीला कोणता शब्द लावावा हे मी आपणास सांगणार नाही. ती बोलू शकत असेल, किंवा खुणेने, चेहऱ्याने होय-नाही सांगू शकत असेल, तर तिच्यासमोर हे शब्द एकेक करून उच्चारून पाहावेत आणि कोणत्या शब्दाला ती मान वळवते ते पाहावे. बहुधा ती तिच्या स्वतःच्या नावालाच वळेल. मग इतरांनाही तेच वापरायला सांगावे.